यंत्राची साक्ष आणि माणसाचा शब्द

हिशेबाचा आकडा आणि गल्ल्यातील रोकड यांत फरक पडला, म्हणजे कोठे तरी चूक झाली आहे एवढेच सिद्ध होते. चूक कोणाची, हा पुढचा प्रश्न. तो वरवर पाहता गणिताचा वाटला, तरी वस्तुतः नीतीचा असतो. कारण उत्तर सापडण्यापूर्वीच आपला संशय कोणाकडे तरी वळलेला असतो. हा पहिला संशय कोणाकडे वळावा, याचा विचार आपण क्वचितच करतो. आम्हीही केला नव्हता. एका प्रसंगाने तो आम्हांला करावयास लावला. प्रसंग आमच्या भूषणाचा नाही. तरीही तो येथे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

एका लहानशा पतसंस्थेच्या संचालक मंडळावर आम्ही काही वर्षे काम करीत आहोत. संस्थेचा खरा कणा म्हणजे पिग्मी ठेवी. मासळी विकणाऱ्या, भाजीवाल्या, रिक्षावाले, पानाच्या टपरीवाले असे लोक रोज वीस, पन्नास, शंभर रुपये बाजूला टाकतात, आणि संस्थेचे प्रतिनिधी दारोदार, टोपलीपाशी जाऊन ते गोळा करतात. पूर्वी हे सारे कार्डावर आणि वहीत लिहिले जाई. तीन वर्षांपूर्वी आम्ही नवे सॉफ्टवेअर घेतले. प्रतिनिधीच्या हाती एक छोटे यंत्र आले. पैसे घेताच त्यातून पावती निघे. सायंकाळी कार्यालयात आल्यावर एक बटण दाबले की दिवसभराच्या सर्व नोंदी मुख्य संगणकात जात, आणि किती रोकड भरावयाची तो आकडा पडद्यावर दिसे. पुरवठादाराच्या माणसाने प्रात्यक्षिक दाखविले, आम्ही समाधानाने माना डोलावल्या, आणि पुढच्याच महिन्याच्या पहिल्या तारखेपासून जुन्या वह्या कपाटात बंद केल्या.

दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस एका प्रतिनिधीबाईंच्या भरण्यात २,४८० रुपयांची तूट निघाली. बाईंचे हे चौदावे वर्ष. त्या म्हणाल्या, "साहेब, जेवढे घेतले तेवढे भरले. मशीन काय म्हणते ते मला ठाऊक नाही." आम्ही पुरवठादाराला फोन केला. उत्तर आले की, अशी तक्रार दुसऱ्या कोणाचीच नाही. बाईंच्याच हातून काही चुकत असेल. या एका वाक्याने आमचे समाधान झाले. बाईंनी तूट भरून द्यावी असे ठरले. त्यांनी ती भरली. कोठून आणून भरली, हे आम्ही विचारले नाही. त्यांना कोणी चोर म्हटले नाही, आवाजही चढविला नाही. आम्ही फार सभ्यपणे वागलो.

पुढच्या महिन्यात तूट ३,११० रुपयांची झाली. आता सभेत कोणी तरी म्हणाले, "एकदा चूक समजू शकतो, पण दुसऱ्यांदा..." आणि वाक्य अर्धेच सोडले. अर्ध्या वाक्याला प्रत्युत्तर देता येत नाही. बाईंकडून वसुलीचे काम काढून घ्यावे, असा विचार सुरू झाला.

बाई तेव्हा संस्थेच्या निवृत्त हिशेबनिसांकडे गेल्या. हे गृहस्थ सत्तरी ओलांडलेले. रोजकीर्द, खतावणी आणि तेरीज यांत आयुष्य गेलेले. ते काठी टेकीत कार्यालयात आले. त्यांनी प्रथम जुनी कसोटी लावली. हाताने लिहिताना दोन अंकांची अदलाबदल झाली, म्हणजे ७२ चे २७ झाले, तर पडणाऱ्या फरकाला नेहमी नऊने भाग जातो. आणि जमेची रक्कम नावे पडली, तर फरकाच्या निमपट रकमेची नोंद शोधावी लागते. येथे दोन्ही फरकांना नऊने भाग जात नव्हता, आणि निमपट रकमेची नोंदही सापडेना. "ही चूक माणसाच्या हाताच्या वळणाची नाही," एवढेच ते म्हणाले. मग त्यांनी बाईंना गिऱ्हाइकांकडच्या पावत्या आणावयास सांगितल्या. दोन दिवस बाई बाजारात फिरल्या. कोणी पावत्या कनवटीला ठेवल्या होत्या, कोणी तराजूखाली. मिळाल्या तेवढ्या पावत्या दिवसवार लावून मोजल्या, तेव्हा निष्पन्न झाले की, चार दिवशी संगणकात एकाच गिऱ्हाइकाच्या एकाच रकमेच्या दोन-दोन नोंदी होत्या, आणि पावती मात्र एकच. त्या चारही सायंकाळी नोंदी पाठविताना मध्येच संपर्क तुटला होता, आणि बाईंनी शिकविल्याप्रमाणे पुन्हा बटण दाबले होते. तुटण्यापूर्वी पोहोचलेल्या नोंदी दुसऱ्या खेपेस नव्या क्रमांकाने पुन्हा जमा झाल्या होत्या. ज्यांच्या खात्यात रक्कम दोनदा पडली, त्यांच्याकडून तक्रार येण्याचा प्रश्नच नव्हता. जास्त जमेची तक्रार घेऊन कोण येतो?

मग हिशेबनिसांनी आम्हां सर्वांना बोलावून घेतले. दहा लटक्या नोंदी करून त्या पाठवावयास लावल्या, मध्येच संपर्काची तार काढली, पुन्हा जोडली, आणि बटण दाबावयास सांगितले. पडद्यावर दहाच्या चौदा नोंदी झाल्या. त्या चौदाकडे पाहताना आमच्या माना खाली गेल्या होत्या.

बाईंचे पैसे परत केले, सभेत त्यांची क्षमा मागितली. सही करताना त्या म्हणाल्या, "पैसे मिळाले, साहेब. पण दोन महिने बाजारातून जाताना मला खाली बघून चालावे लागले." यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

आम्ही त्या दिवसापासून एकच प्रश्न स्वतःला विचारीत आलो आहोत: चौदा वर्षांच्या अनुभवावर दोन महिन्यांच्या ओळखीने मात कशी केली? पहिले कारण असे की, यंत्र अडखळत नाही. माणूस उत्तर देताना चाचरतो, घाम पुसतो, रडतो. पडद्यावरचा आकडा मात्र स्थिर असतो, आणि स्थिरतेलाच आपण सत्य समजून बसतो. दुसरे कारण, ते सॉफ्टवेअर आम्ही निवडले होते. त्याच्यावर संशय घेणे म्हणजे आमच्या निवडीवर संशय घेणे. परंतु या दोहोंखाली दडलेले तिसरे कारण अधिक खरे आणि अधिक लाजिरवाणे आहे. बाईंना जाब विचारणे सोपे होते. त्या आमच्यासमोर उभ्या होत्या, आम्ही खुर्चीत होतो. पुरवठादाराला जाब विचारावयाचा तर अभ्यास करावा लागला असता, वाद घालावा लागला असता. संशय पाण्यासारखा उताराकडे धावतो, हे आम्हांला तेव्हा उमगले.

आमचा अन्याय एका बाजारापुरता होता. हाच अन्याय एका देशाच्या पातळीवर घडला, त्याची हकीकत आता जगजाहीर आहे. ब्रिटनच्या टपाल खात्याने १९९९ पासून आपल्या शाखांत 'होरायझन' नावाची संगणकप्रणाली आणली. ती फुजित्सू या कंपनीची होती. तेथील बहुसंख्य शाखा गावातील दुकानदारासारखी स्वतंत्र माणसे कराराने चालवीत, आणि हिशेबातील तूट त्यांनी भरून द्यावी असा दंडक होता. होरायझन आल्यावर ठिकठिकाणी न समजणाऱ्या तुटी दिसू लागल्या. लोकांनी मदतीसाठी फोन केले, तेव्हा कितीएकांना सांगण्यात आले की, अशी अडचण फक्त तुमचीच आहे. माणसांनी घरे गहाण टाकून तुटी भरल्या. १९९९ ते २०१५ या काळात चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा आरोपांखाली ९०० हून अधिक जण दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, काहींचे दिवाळे निघाले, आणि ज्या गावात ते टपाल शाखा चालवीत होते त्याच गावात त्यांना तोंड दाखविणे अवघड झाले.

'फक्त तुमचीच अडचण' हे वाक्य आमच्या कानी पडले, तेव्हा आम्ही दचकलो. तेच वाक्य आम्ही फोनवर ऐकले होते, आणि त्यावर विश्वास ठेवला होता. एकटे पाडणे हा अशा अन्यायाचा मर्मबिंदू आहे. एकट्या माणसाला स्वतःच्या स्मरणाविषयीही शंका येऊ लागते. वेल्समधील शाखाचालक अ‍ॅलन बेट्स यांचा करार २००३ मध्ये रद्द झाला होता. त्यांनी व इतरांनी प्रयत्न करून २००९ मध्ये इंग्लंडमधील फेनी कॉम्प्टन या गावच्या सभागृहात अशा पीडितांची बैठक भरविली. आपण एकटे नाही, हे अनेकांना तेथे प्रथमच कळले. पुढे ५५५ जणांनी मिळून दावा लावला. प्रणालीतील दोषांमुळे शाखांच्या हिशेबात फरक पडू शकत होते व पडलेही होते, असा निर्णय उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये दिला. २०२१ च्या एप्रिलमध्ये ३९ जणांची शिक्षा एकाच दिवशी रद्द झाली, आणि अखेर २०२४ मध्ये संसदेने कायदाच करून उरलेल्या शेकडो शिक्षा पुसून टाकल्या. पुसलेल्या शिक्षेने गेलेली वीस वर्षे परत येत नाहीत, हे सांगावयास नको.

या प्रकरणामागे कायद्यातील एक बदलही होता. इंग्लंडमध्ये १९८४ च्या एका कायद्यान्वये, संगणकाचा पुरावा मांडावयाचा तर संगणक नीट चालत होता हे दाखवावे लागे. ही अट १९९९ च्या कायद्याने काढून टाकण्यात आली. तेव्हापासून, उलट काही पुढे येत नाही तोवर यंत्र बरोबरच चालत होते असे न्यायालय गृहीत धरू लागले. ज्याच्यापाशी यंत्राची आतली माहिती नाही, त्यानेच यंत्राचा दोष दाखवावा, असा हा न्याय झाला. आपल्याकडील स्थिती निराळी आहे. भारतीय पुरावा कायद्यात २००० साली घातलेल्या कलम ६५ ब ने संगणकातील नोंदींसाठी अटी आणि प्रमाणपत्र आवश्यक केले, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नेही ते कायम ठेवले. तथापि कायद्याची अट न्यायालयाच्या दारापाशी सुरू होते. आमच्या सभेत बाईंच्या बाजूने अशी अट कोणी घातली नव्हती. बहुतेक माणसांचा न्याय अशाच सभांतून, दहा मिनिटांत, चहाच्या कपांबरोबर होत असतो.

येथे एक प्रामाणिक आक्षेप येईल. माणूस खोटे बोलत नाही काय? अफरातफर कधी होतच नाही काय? होते, पतसंस्थांच्या इतिहासाशी परिचित असलेल्या कोणालाही हे सांगावे लागत नाही. याच सॉफ्टवेअरने व्याज आकारणीतील आमची एक जुनी चूकही उघडकीस आणली, जी वर्षानुवर्षे सभासदांच्या अहिताची होती आणि आमच्या लाडक्या वह्यांनी कधी दाखविली नव्हती. म्हणून यंत्राला सरसकट खोटे ठरविणे हाही आळसच. आमचे म्हणणे एवढेच की, तपासाला क्रम असावा. यंत्रावर संशय घेतला आणि तो चुकीचा ठरला, तर थोडा वेळ वाया जातो. यंत्राला अब्रू नसते. माणसावर संशय घेतला आणि तो चुकीचा ठरला, तर झालेली जखम पैशाने भरत नाही. ज्याला वेदना होत नाही त्याची झडती आधी घ्यावी, ज्याला होते त्याची नंतर. हा क्रम उलटा झाला की चोर सोडून संन्याशाला फाशी ठरलेलीच.

पण झडती म्हणजे काय, हेही नीट समजून घेतले पाहिजे. याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील टेक्सस राज्यात, टायलर गावच्या एका कर्करोग केंद्रात १९८६ मध्ये घडले. तेथे थेरॅक-२५ नावाचे किरणोपचाराचे यंत्र होते. कॅनडातील एका सरकारी कंपनीने ते बनविले होते. मार्च महिन्यात एका रुग्णाला उपचार चालू असताना विजेचा झटका बसावा तशी वेदना झाली. पडद्यावर 'मालफंक्शन ५४' अशी अक्षरे उमटली होती. त्यांचा अर्थ वापरणाऱ्यांच्या पुस्तिकेत समजावलेला नव्हता, आणि पडद्यावरचा आकडा तर मात्रा कमी पडल्याचे दाखवीत होता. कंपनीच्या तंत्रज्ञांनी यंत्र तपासले, दोष सापडला नाही, यंत्र पुन्हा सुरू झाले. तीन आठवड्यांनी दुसऱ्या रुग्णाच्या बाबतीत तेच घडले. दोघेही पुढे दगावले.

तेव्हा त्या केंद्रातील भौतिकशास्त्रज्ञाने यंत्र बंद ठेवले आणि ते चालविणाऱ्या तंत्रज्ञ स्त्रीला जवळ बसवून, तिने त्या दिवशी जे जे केले ते ते पुन्हा पुन्हा करावयास लावले. शेवटी 'मालफंक्शन ५४' हवे तेव्हा पडद्यावर आणणे त्यांना साधले. रहस्य बोटांच्या वेगात होते. तिने उपचाराचा प्रकार दर्शविणारे अक्षर चुकून दुसरे दाबले होते आणि लगेच दुरुस्त केले होते. ही दुरुस्ती आठ सेकंदांच्या आत झाली, तर यंत्राच्या जुळणीत ती उतरत नसे, आणि रुग्णावर प्रचंड मात्रेचा झोत पडे. सरावाने हात जितका चपळ, तितका धोका अधिक. सावकाश टंकणाऱ्या परीक्षकांना तो दिसणे कठीण होते. १९८५ ते १९८७ या काळात या यंत्राने एकूण सहा रुग्णांना अशी इजा केली.

या हकीकतीत आम्हांला दोन गोष्टी फार मोलाच्या वाटतात. पहिली अशी की, त्या शास्त्रज्ञाने रुग्णाच्या वेदनेला साक्ष मानले. पडदा म्हणत होता मात्रा कमी. देह म्हणत होता मात्रा अति. त्याने देहाचे म्हणणे खोटे न ठरविता, ते खरे असेल तर काय काय घडले असले पाहिजे, याचा माग काढला. आमचे हिशेबनीसही हेच करीत होते. बाई खऱ्या आहेत असे त्यांनी ठरवून टाकले नव्हते. बाई खऱ्या असतील तर पावत्या काय सांगतील, हे त्यांनी पाहिले. एखाद्याच्या शब्दाला मान देणे म्हणजे तो डोळे मिटून स्वीकारणे नव्हे; तो तपासण्याइतका मोलाचा समजणे होय.

दुसरी गोष्ट विश्वासाच्या स्वरूपाविषयी आहे. थेरॅक-२५ चे सॉफ्टवेअर बरेचसे आधीच्या यंत्रांवरून घेतलेले होते. त्यांपैकी थेरॅक-२० मध्येही हाच दोष असल्याचे पुढे आढळले. पण त्या यंत्रात स्वतंत्र, तारांचे व यांत्रिक अडसर होते. दोष उद्भवला की फ्यूज उडे, आणि माणूस वाचे. नव्या यंत्रात ते अडसर काढून सारा भार सॉफ्टवेअरवर टाकला गेला, कारण ते 'अनुभवाने सिद्ध' झाले होते. वास्तविक अनुभवाने सिद्ध झाले होते ते अडसर. कीर्ती मात्र दुसऱ्यालाच मिळाली होती. नव्या वस्तूवर भरवसा ठेवताना, आजवर आपल्याला नेमके कोणी सांभाळले, हे विचारावे लागते ते याचसाठी. आम्ही कपाटात बंद केलेल्या त्या कार्ड-वह्या म्हणजे आमचे अडसरच होते.

एड्सगर डायक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने सुमारे १९७० च्या सुमारास एक मर्मभेदी विचार मांडला होता. त्याचा आशय असा की, चाचणीने दोष आहेत हे दाखविता येते, दोष नाहीत हे कधीच दाखविता येत नाही. मग कोणत्याच प्रणालीवर भरवसा ठेवू नये काय? विश्वास पानिपतात गेला, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. पण त्याने संसार चालत नाही आणि संस्थाही चालत नाही. याचे उत्तर आम्हांला आमच्याच धंद्यात सापडले. पतसंस्था पत कशी देते? नव्या सभासदाला आरंभी थोडे कर्ज, तारण, जामीन. परतफेड नियमित दिसली की थोडे अधिक. पत ही हप्त्याहप्त्याने मिळवावयाची वस्तू आहे, आणि ती देणारा डोळे उघडे ठेवूनच देतो. माणसाला आम्ही हा नियम लावीत होतो. यंत्राला मात्र पहिल्याच दिवशी, बिनतारण, सारी पत देऊन मोकळे झालो होतो.

आता आम्ही काही गोष्टी ठरविल्या आहेत. कोणतीही नवी प्रणाली आली, तर तीन महिने जुनी वही तिच्या जोडीने चालेल. संपर्क तोडून, वीज बंद करून, घाईने आणि चुकीचे टंकून आम्ही ती मुद्दाम अडचणीत आणून पाहू. पुरवठादाराला प्रथमच लेखी विचारू की, तुम्हांला ज्ञात असलेले दोष कोणते, आणि दुरून कोणाला आमच्या नोंदी बदलता येतात काय, बदलल्या तर त्याची खूण राहते काय. ब्रिटनमध्ये शाखाचालकांच्या नकळत दुरून नोंदींत हात घालता येतो, ही गोष्ट दीर्घकाळ नाकारली गेली होती. शेवटी ती मान्य करावी लागली. आणि ज्याची तक्रार असेल त्याला एकटे उभे न करता, तपासाच्या वेळी त्याच्या बाजूने एक जाणता माणूस बसेल.

याशिवाय कार्यालयात एक साधी दोनशे पानी वही ठेवली आहे. काही चुकले असे वाटले की कोणीही, शिपायानेसुद्धा, ते तारीख घालून तीत लिहावे. तिच्या एका रकान्यात 'यंत्र तपासले काय?' असे आहे. तो भरल्याशिवाय कोणत्याही माणसाला खुलासा विचारावयाचा नाही, असा ठराव आम्ही केला आहे. त्या बाई आजही वसुलीला जातात. पूर्वी त्या पावतीची एकच प्रत काढीत. आता दुसरी काढून स्वतःजवळ पिशवीत ठेवतात. यंत्रातील तो दोष पुरवठादाराने केव्हाच दुरुस्त केला. पण बाईंची ती पिशवी पाहिली की आम्हांला कळते, आमच्यावरील त्यांचा भरवसा अजून चाचणीतच आहे. तो परत मिळवावयाचा तर हप्त्याहप्त्यानेच मिळवावा लागेल, आणि त्याची मुदत ठरविण्याचा अधिकार आमचा नाही.